आठव्या पटाशीची जागा

माझ्या बापाचा खराद जाफराबादेहून जालन्याला आला तो बैलगाडीत, कडब्याखाली झाकून. दोन जाड लाकडी खांब, त्यांच्या आतल्या अंगाला बसवलेली दोन लोखंडी टोकं, अन् पोत्यात गुंडाळलेल्या पटाश्या. गाडी दारात सुटली तेव्हा मी ओसरीत ज्वारी पाखडत होते. सूप तसंच टाकून उठले. तोवर आमच्या ह्यांनी पोतं खांद्यावर घेतलं होतं अन् माझ्याकडं न बघता मागं गोठ्याकडं चालले होते. मी परत येऊन सूप उचललं.

खरं सांगते, मला माझ्या नवऱ्याचा मत्सर वाटायचा. बायका सवतीवर जळतात, जावेवर जळतात, ते समजतं तरी. मी घरधन्यावर जळत होते. अन् माणूस इतका भला की पाणवठ्यावर त्याच्याबद्दल वाकडं बोलायची सोय न्हाई. कधी हात उगारला न्हाई, कधी ताटावरून उठून गेला न्हाई. अशा माणसावर जळायचं म्हंजे आपणच आपल्याला खायचं.

खराद म्हंजे लाकूड गोल करायचं यंत्र. दोन टोकांच्या मधी लाकूड अडकवायचं, त्याला दोरीचा वेढा द्यायचा, एकानं दोरी मागंपुढं ओढायची अन् दुसऱ्यानं फिरत्या लाकडाला पटाशी लावायची. माझा बाप त्याच्यावर पाळण्याचे खांब करायचा, बाजेचे खूर करायचा, ताकाच्या रव्या अन् लाटणी करायचा. दोरी ओढायला माझी माय. बाप पोराविना राह्यला, मी एकलीच. जाफराबादेत त्याच्या पाळण्याला नाव होतं, पण त्याला काम करताना पाह्यलेलं माणूस गावात सापडलं नसतं. खरादाच्या पुढं सदा गोणपाटाचा पडदा. गिऱ्हाईक आलं की माय बाहेर जाऊन बोलायची.

त्याचं कारण असं की बाप डावरा होता. त्याच्या तरुणपणी एका घरी बारशाला पाळणा दिल्ता. नंतर कोणी तरी त्या घरात सांगितलं की ह्याचा सगळा कारभार डाव्या हाताचा. दुसऱ्या दिवशी पाळणा दारात आणून ठेवलेला. डाव्या हातानं आपण कोणाला पाणी देत न्हाई, हळदकुंकू देत न्हाई, मंग डाव्या हाताच्या पाळण्यात लेकरू कोण घालील? तेव्हापासून पडदा आला. चारचौघांत बाप उजव्यानं जेवायचा, उजव्यानं रामराम घालायचा. पडद्याआड गेला की हात बदलायचा.

मी त्याच्यावर गेले. माझाही डावाच चालायचा. जेवताना माय माझ्या डाव्या मनगटाला चिंधी बांधून ठेवायची, सवय मोडायला. अन् तीच माय दुपारी पडद्याआड चिंधी सोडून माझ्या हातात पटाशी द्यायची. बाप मागं बसून हळू आवाजात सांगायचा, "मूठ डाव्यात धर, उजवा नुसता पुढं टेकव. लाकडाला दाबू नको, त्याला येऊ दे." आठ पटाश्यांपैकी सगळ्यात बारीक ती माझी. लग्न ठरेपर्यंत मी बाजेचे खूर एकटी करून राह्यले होते. बाप ते स्वतःचे म्हणून विकायचा. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यानं एकच सांगितलं, "हे तिकडं कोणाला कळू देऊ नको. तुझंही अन् माझंही."

सासरी मी न्हाई कळू दिलं. जेवणं उजव्यानं, वाढणं उजव्यानं. पहाटं जात्यावर बसले की तेवढा डावा हात मोकळा.

बाप गेला तो तीन वर्षं अंथरुणाला खिळून. तेवढ्या काळात खराद पडवीत पावसानं भिजत राह्यला. त्याचे दिवस झाल्यावर माय म्हणाली, "लोखंड सडवून काय करू? जावयाला दे पाठवून." मी म्हणाले, "माय, मला दे." ती माझ्याकडं बघत राह्यली. म्हणाली, "तुलाच तर देऊन राह्यले. त्यांच्या घरी गेलं म्हंजे तुझ्याच घरी आलं न्हाई का?" पण माझ्या घरी येणं अन् माझ्या हाती येणं ह्यात किती अंतर असतं ते माय जाणून होती. ती उभी जिंदगी दोरीच ओढत आली होती.

आमचे हे कापसाच्या जिनात फिटर. हंगाम संपला की चैतापासून दसऱ्यापर्यंत हाताला काम कमी. म्हैस विकल्यापासून गोठा रिकामा होता, तो ह्यांनी झाडून घेतला, एक झरोका पाडला अन् तिथं खराद मांडला. निजामाचं राज होतं तवा. जालन्यातली इंग्रजांची छावणी उठून कैक वर्षं झाल्ती, तरी तिथलं जुनं लोखंड अजून बाजारात निघायचं. तिथून ह्यांनी शिवणयंत्राचा मोडका सांगाडा आणला, पायाच्या फळीसकट अन् चाकासकट. म्हणाले, "दोरी ओढायला माणूस कशाला लागतंय? पायानं चाक फिरल, चाकानं लाकूड फिरल. एका माणसाचं काम हाय हे." मला वाटलं, बरं झालं माय हे ऐकायला इथं न्हाई.

गंज काढायचं काम मात्र माझ्याकडं आलं. घासलेटात भिजवलेल्या पटाश्या, विटकरीची भुकटी अन् काथ्या. चार दिवस मी गोठ्याच्या उंबऱ्यात बसून घासत होते. जंग उतरला, खालून करडं पोलाद वर आलं, अन् प्रत्येक पटाशीच्या बाभळीच्या मुठीवर डाव्या अंगाला बापाच्या अंगठ्याचा खळगा. माझा अंगठा त्यात बसवून पाह्यला. बराबर बसला. ते चार दिवस मी सुखात होते. ह्या पटाश्या आता कामाला लागतील, अन् कधी तरी, हे बाजारात गेल्यावर, मी पण एखादं लाकूड लावीन, असं मनात होतं.

एकदा हिंमत करून म्हणालेही, "मी लावून पाहू का?"

हे हसले. वाईट न्हाई, मायेनंच हसले. "बोट जाईल गं तुझं." अन् सासूबाई ओसरीतून बोलल्या, "बाईमाणसानं हत्याराला हात लावू न्हाई. घासायचं तेवढं घासलं ना, मंग चूल बघ." मी चूल बघितली. त्या दिवशीच्या भाकरी सगळ्या करपल्या.

चाक बसलं, पट्टा चढला, तेल पडलं. ज्या दिवशी खराद चालू केला त्या दिवशी अर्धी गल्ली गोठ्यापुढं. ह्यांनी बाभळीचा तुकडा अडकवला, पाय मारला अन् पटाशी लावली. पटाशीचं टोक लाकडात रुतलं, लाकूड उडून भिंतीला लागलं. परत लावलं, परत उडालं. दुसरी पटाशी घेतली, तेच. मला उंबऱ्यातून सगळं स्पष्ट दिसत होतं. बापाच्या पटाश्यांना एकाच अंगानं धार, अन् तीही डाव्या हाताच्या बेतानं उतरती. उजव्या हातात धरली की टोक उलटं पुढं येणार अन् रुतणारच. हात बदलला असता तर लोण्यासारखी चालली असती.

लोक पांगल्यावर हे माझ्याकडं वळले. कपाळाला घाम, हातात पटाशी. "तुझे आबा कसे धरायचे गं हिला?"

त्यांनी मला विचारलं. सरळ विचारलं. ही गोष्ट मला कधीच नाकारता येणार न्हाई.

मी म्हणाले, "मला काय ठाव? बाईमाणसाला कोण शिकवतंय."

बापाला दिलेला शब्द पाळला असं मी नंतर कैक वर्षं स्वतःला सांगत आले. साफ खोटं हाय ते. बाप मेला होता, त्याचा पाळणा आता कोण परत आणून देणार होतं? अन् आमचे हे तर कोणाजवळ बोलले नसते. मी बोलले न्हाई कारण मी जळत होते. माझ्या बापाची हत्यारं, माझे चार दिवस घासलेले हात, अन् गल्ली जमली ती ह्यांच्या भोवती. रुतू दे, म्हटलं. उडू दे लाकूड. दहा वेळा उडालं की कंटाळतील अन् खराद कोपऱ्यात जाईल. मंग दुपारचा तो माझाच.

पण फिटर माणूस कंटाळत नसतो, हे मला कळायला पाहिजे होतं. रात्रभर विचार करून सकाळी म्हणाले, "कळलं मला. आखरीला म्हाताऱ्याची नजर गेल्ती. सगळ्या पटाश्या वाकड्या घासून ठेवल्यात. बिचाऱ्याला दिसत नसल." अन् त्यांनी सहाणेचं चाक आणलं.

मी त्यांच्याआधी गोठ्यात गेले. फळीला आठ खाचा होत्या, आठ पटाश्या उभ्या होत्या. त्यातली सगळ्यात बारीक ती मी पदराखाली घेतली अन् आत येऊन ज्वारीच्या कणगीत खोल घातली. बाकीच्या सात तिथंच ठेवल्या. आठही उचलल्या असत्या तर बोंब झाली असती. पण तेही कारण खरं न्हाई. मला फक्त माझी हवी होती.

मंग उंबऱ्यात उभी राह्यले. ते एकेक घासत गेले. हळू, पाणी मारत, पोलाद तापू न देता. काम मोठं नीट करायचे, म्हणून जास्ती डोळ्यात खुपायचं. एकेकीचा डावा उतार गेला अन् उजवा आला. पाच झाल्या तवा एकदा त्यांनी मान वर करून विचारलं, "आठ व्हत्या ना? एक कुठं गेली?" मी म्हणाले, "त्या गर्दीत कोणी उचलली असल." सहावी झाली. सातवी झाली. प्रत्येक वेळी तोंड उघडता आलं असतं.

मुठीही त्यांनी बदलल्या. "ह्या झिजून वाकड्या झाल्यात," म्हणाले. नव्या शिसवाच्या केल्या, सुरेख केल्या. जुन्या सात मुठी सासूबाईंनी चुलीजवळ आणून टाकल्या. वाळलेली बाभूळ, लगेच पेट घेते. त्यावर भाकरी मी भाजल्या, दुसरं कोणी न्हाई. अंगठ्याचे खळगे आधी काळे पडले. मी ते बघत बसले अन् वर ह्यांना आवाज दिला, "जेवायला चला, भाकरी गरम हाय."

त्यानंतर खराद जो चालला तो चाललाच. गावातल्याच कादराबाद मोहल्ल्यातल्या एका कारकुनाच्या घरून पाळण्याची मागणी आली. ती बीबी पाळणा बघायला स्वतः आली अन् खांबांवरून हात फिरवत म्हणाली, "क्या हाथ है तुम्हारे मियाँ का, बिलकुल साफ." मी पाण्याचा तांब्या पुढं केला. उजव्या हातानं. माय एकदा जाफराबादेहून आली तवा तिनं पाळणा पाह्यला, जावयाची पाठ थोपटावी तसं बोलली. अन् हे आल्यागेल्याला सांगायचे, "पटाश्या सगळ्या वाकड्या व्हत्या. सासऱ्याची नजर गेल्ती आखरीला. मी सरळ केल्या." त्यात गर्व नव्हता, कणव होती. लोक माना हलवायचे. त्या खेपेला माय पण तिथंच बसली होती. तिनं माझ्याकडं एकदा पाह्यलं अन् पदर सावरला. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. अरे, त्या माणसाची नजर शेवटपर्यंत शाबूत होती. अंथरुणावरून तो छपरातल्या पाली मोजायचा.

दुपारी कोणी नसलं की मी कणगीत हात घालायची. पटाशी हाताला लागली की हात काढून घ्यायची. लावणार कुठं? त्या खरादावर? तो आता ह्यांचा होता.

मंग खंडेनवमी आली. आमच्यात त्या दिवशी हत्यारं धुऊन, तेल लावून, पाटावर मांडून पुजतात. कुंकू, झेंडू, नारळ. त्या दिवशी कोणी हत्यार उचलत न्हाई, वापरत न्हाई. ह्यांनी गोठा सारवून घेतला, सात पटाश्या फळीत उभ्या केल्या. आठवी खाच रिकामी. मी पूजेचं ताट घेऊन उभी होते. हे खाचेकडं बघत राह्यले, मंग ताटातली एक सुपारी उचलली अन् त्या खाचेत ठेवली. पूजेत एखादी वस्तू जागेवर नसली की तिच्या नावानं आपण सुपारी मांडतो, तशी. तिला कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. मला म्हणाले, "ये, नमस्कार कर. तुझ्या आबांची हाय ती. हरवली म्हणून काय झालं, तिचा मान तिला."

मी वाकले. कपाळ जमिनीला टेकलं अन् उठता येईना. इतके दिवस ज्याच्यावर जळत होते तो माणूस माझ्या बापाच्या हरवलेल्या पटाशीला फूल वाहून राह्यला होता. अन् ती दहा हातांवर ज्वारीत पडली होती.

दसऱ्याला सोनं लुटून झालं. तिसऱ्या दिवशी सासूबाई देवळात गेल्यावर मी कणगीतून पटाशी काढली, पदरानं पुसली अन् गोठ्यात गेले. हे पट्ट्याला तेल लावत होते. मी पटाशी त्यांच्यापुढं धरली.

"कुठं सापडली?"

"सापडली न्हाई. माझ्याजवळच व्हती."

त्यांनी ती हातात घेतली, उलटीपालटी केली. धार बघितली. "हिला पण सरळ करावी लागल," म्हणाले.

"न्हाई. लाकूड लावा. पाय तुम्ही मारा."

त्यांनी लाकूड अडकवलं. चाक फिरलं. मी बसले, मूठ डाव्या हातात धरली, उजवा पुढं टेकवला. अंगठा खळग्यात बसला. वर्षं झाल्ती पटाशी धरून. मंग पटाशी टेकली अन् लाकडाची साल लांब, अखंड, माझ्या मांडीवर पडत गेली. टोक एकदाही रुतलं न्हाई. एक गोल गाठ कोरली, तिच्याखाली खोबण, खोबणीखाली दुसरी गाठ. जाफराबादच्या पाळण्याची नक्षी. ह्यांचा पाय चालूच होता, नजर माझ्या हातावर.

पाय थांबला. लाकूड थांबलं.

"तू डावरी हैस ते मला पहिल्याच वर्षी कळल्तं," ते म्हणाले. "जात्यावर बघितलं व्हतं. तुला सांगायचं नसल म्हणून बोललो न्हाई. पण तुझे आबा?"

"मी त्यांच्यावरच गेले."

ते फळीकडं बघायला लागले. सात पटाश्या, सात शिसवाच्या मुठी.

"मंग ह्या वाकड्या नव्हत्या."

"न्हाई."

"एकबी?"

"एकबी न्हाई."

"मी तुला इचारलं व्हतं."

"व्हय."

"अन् मी घासून राह्यलो तवा तू उंबऱ्यात उभी व्हतीस. सातव्या पटाशीपत्तर."

मी व्हय म्हणाले. खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं. मी सांगितलं, की मला तुमचा हेवा वाटत होता. तुम्हाला मिळालं ते मला मिळायला पाहिजे होतं, म्हणून गप्प बसले. एवढं सरळ बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. रागावले न्हाईत. म्हणाले, "परत डाव्या करू का?" मी म्हणाले, "आधीच अर्धं पोलाद गेलं. परत घासल्या तर हातात काय राहील?" मंग त्यांनी खाचेतली सुपारी काढून खिशात घातली अन् माझी पटाशी तिच्या जागी उभी केली.

त्या दिवसापासून दुपारचा खराद माझा झाला. गोठ्याच्या दाराला पडदा लागला, तो ह्यांनीच लावला. पाळण्यांची बारीक नक्षी मी करायची, बाकी ते. नाव त्यांचंच राह्यलं, अन् कधी कधी मी त्याच्यावरही जळायची. स्वभावाला काय करता? पण ती वाकड्या पटाश्यांची गोष्ट त्यांनी परत कधी कोणाला सांगितली न्हाई. मलाही त्यावरून एका शब्दानं बोलले न्हाईत. बोलले असते तर मी पण चार शब्द बोलून मोकळी झाले असते.

पुढल्या खंडेनवमीला आठही पटाश्या फळीत उभ्या होत्या. एकही जागा रिकामी नव्हती. मी ताट घेऊन आले तर हे फळीपुढं बसलेले, ओंजळीत सुपाऱ्या. सात होत्या. त्यांनी त्या माझ्यापुढं केल्या अन् नजरेनं स्वतः घासलेल्या त्या सात पटाश्या दाखवल्या.

"ह्या तू मांड," म्हणाले.

मी एकेका पटाशीपुढं एकेक सुपारी ठेवली, प्रत्येकीला कुंकू लावलं, फूल ठेवलं. मागं सासूबाई उभ्या होत्या, म्हणून सगळं उजव्या हातानं केलं.